कोळंबीची पिल्लं जगवणारे फुजिनागा

कोकणातले कोळंबी शेतकरी हॅचरीतून बी आणून तळ्यात सोडतात. पण कोळंबीचं बी माणसाला तयार करता येतं, हे दाखवून दिलं ते जपानच्या मोतोसाकू फुजिनागा यांनी. त्यांचा जन्म १९०३ चा. १९३४ मध्ये त्यांनी कुरुमा जातीच्या कोळंबीची अंडी उबवली. खरी अडचण पुढेच होती. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले दीड-दोन दिवस अंगातल्या बलकावर जगतं. बलक संपला आणि योग्य खाणं मिळालं नाही, की पिल्लं पटापट मरतात. मग त्यांना घालायचं काय? फुजिनागांनी त्यामागे कित्येक वर्षं घालवली. समुद्रातलं डायटम नावाचं बारीक शेवाळ, जे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, ते वाढवून दिलं आणि पिल्लं तगली. १९४२ मध्ये हे सगळं संशोधन छापून आलं. महायुद्धानंतर त्यांनी जुन्या मिठागरांच्या जागेत कोळंबी शेती उभी केली. १९७३ मध्ये ते वारले. आजही हॅचरीत पिल्लांचा पहिला घास म्हणजे हे शेवाळच. म्हणून तर जगभर त्यांना कोळंबी शेतीचे जनक म्हणतात.