प्रकाशाचा शिक्षक : जॉन टिंडाल

विद्यार्थीमित्रहो, शास्त्रज्ञांचीं चरित्रें वाचतांना आपलें लक्ष बहुधा त्यांच्या शोधांकडे जातें. त्यांना जें कळलें तें त्यांनीं दुसऱ्याच्या हातीं कसें दिलें, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. जॉन टिंडाल यांचें चरित्र या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. प्रकाशासंबंधीं त्यांनीं जें शोधिलें, तें तितक्याच आस्थेनें शिकविलें. आणि शिकविणारांनाही शिकविलें.

टिंडाल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजीं आयर्लंडांतील कार्लो परगण्यांत लॉक्लिनब्रिज या गांवीं झाला. वडील पोलिसांत साधे शिपाई होते. घरीं पैसा नव्हता, पण वाचनाची आवड होती. म्हणून मुलाला लवकर कामधंद्यास न लावितां त्यांनीं बराच काळ शाळेंत ठेविलें. तेथें कॉनविल नांवाच्या गुरुजींपाशीं टिंडाल भूमिति व जमिनीची मोजणी शिकले. या विद्येच्या बळावर १८३९ सालीं त्यांना सरकारी मोजणीखात्यांत नोकरी मिळाली व पुढें त्यांची नेमणूक इंग्लंडांत झाली. परंतु सहाय्यकांना मिळणारा तुटपुंजा पगार व त्यांना मिळणारी वागणूक यांविरुद्ध त्यांनीं आवाज उठविला, आणि १८४३ सालीं त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यांत आलें. त्यानंतर कांहीं वर्षें त्यांनीं रेल्वेच्या मोजणीचें काम केलें.

१८४७ सालीं टिंडाल हँपशायरमधील क्वीनवुड कॉलेज नांवाच्या शाळेंत शिक्षक झाले. मुलांनीं स्वतःच्या हातांनीं प्रयोग करावेत अशी सोय तेव्हां इंग्लंडांतील फारच थोड्या शाळांत होती. क्वीनवुड ही त्यांपैकीं एक. तेथें एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्र शिकवीत. दोघांनीं एकमेकांचें शिष्यत्व पत्करिलें. टिंडाल यांनीं मित्राला गणित शिकवावें आणि मित्रानें त्यांना रसायन शिकवावें, असा क्रम चालला. शिक्षकानें आधीं विद्यार्थी व्हावें, हा धडा टिंडाल येथें शिकले.

वर्गांत त्यांची रीत निराळी होती. युक्लिडाच्या पुस्तकांतील सिद्धांत पाठ करावा, कीं नवें कोडें स्वतःच्या बुद्धीनें सोडवावें, याची निवड ते मुलांवर सोंपवीत. मुलें कोडेंच पसंत करीत. खेळाच्या जागेंतील भिंतींवरही भूमितीच्या आकृति उमटूं लागल्या. मुलांना अभ्यासाचा मूळचा कंटाळा नसतो, हातपाय बांधून ठेवलेल्या अभ्यासाचा असतो, अशी टिंडाल यांची खात्री झाली.

परंतु आपलेंच ज्ञान अपुरें आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसूं देईना. १८४८ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, सांठविलेली पुंजी घेऊन ते फ्रँकलंडसह जर्मनींतील मारबुर्ग येथें गेले. परकी भाषा, बेताचा पैसा आणि अहोरात्र अभ्यास! विख्यात रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्या हाताखालीं शिकून १८५० सालीं त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली. मायदेशीं परतल्यावर मात्र निराशाच पदरीं आली. टोरांटो येथील प्राध्यापकाच्या जागेसाठीं त्यांनीं अर्ज केला, तो फेटाळला गेला. दुसऱ्या कांहीं ठिकाणींही तेंच घडलें. पुन्हां क्वीनवुडला येऊन त्यांनीं पूर्वीचें अध्यापन हातीं घेतलें.

११ फेब्रुवारी १८५३ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांचें व्याख्यान झालें, आणि त्या एका सायंकाळीं त्यांचें दैव पालटलें. त्याच वर्षीं ते तेथें प्राध्यापक झाले. महान शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचा सहवास त्यांना लाभला.

१८५४ सालीं टिंडाल यांनीं तेथें एक सुंदर प्रयोग दाखविला. पाण्यानें भरलेल्या भांड्याला बाजूनें एक भोंक होतें. त्यांतून पाण्याची धार वांकत खालीं पडे. भांड्याच्या दुसऱ्या बाजूनें त्या भोंकावर प्रकाशझोत सोडतांच प्रकाश सरळ न जातां धारेबरोबर वांकला! पाण्याच्या आंतून कडेवर तिरपा पडलेला प्रकाश बाहेर न पडतां पुनःपुन्हां आंतच परावर्तन पावतो, हें त्याचें कारण. जिनीव्हाचे कॉलाडॉन यांनीं हा प्रयोग आधींच केला होता. आज कांचेच्या बारीक तंतूंतून समुद्राखालून संदेश धांवतात ते याच तत्त्वावर.

पुढें धुळीच्या व वाफेच्या सूक्ष्म कणांवर प्रकाश कसा विखुरतो, याचा त्यांनीं कसून अभ्यास केला. नळींतील अतिसूक्ष्म कणांवरून येणारा प्रकाश निळा दिसतो, हें पाहून आकाशाच्या निळाईचें कारण त्यांनीं याच दिशेनें शोधिलें. हवेचे रेणूच हें कार्य करतात, हें नंतर लॉर्ड रॅले यांनीं दाखविलें. प्रकाशाच्या विखुरण्याचा असाच शोध घेतां घेतां १९२८ सालीं कलकत्त्यास डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं आपला जगद्विख्यात शोध लाविला.

एवढी कीर्ति मिळूनही टिंडाल शाळामास्तरांना विसरले नाहींत. १८६१ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांत त्यांनीं खास शिक्षकांसाठीं व्याख्यान दिलें. विषय होता लोहचुंबक. महागडीं यंत्रें नसलीं तरी चालेल, साध्या वस्तूंनीं शिक्षकानें प्रयोग स्वतः करून पाहावा, हें त्याचें सार. ज्यानें स्वतः हात लाविला नाहीं, तो दुसऱ्याचा हात काय धरणार? १८७१ सालीं त्यांचे मित्र हक्स्ले यांनीं त्याच भागांत शिक्षकांसाठीं वर्ग भरवून त्यांना प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकापुढें बसविलें. शिक्षकाच्या हातीं आधीं उपकरण द्यावें, हा विचार अशा रीतीनें रुजला.

१८७२-७३ च्या हिंवाळ्यांत टिंडाल यांनीं अमेरिकेंत प्रकाशावर व्याख्यानें दिलीं. सभागृहें तुडुंब भरत. खर्च वजा जातां उरलेला पैसा त्यांनीं स्वतःसाठीं न ठेवितां तेथील होतकरू विद्यार्थ्यांच्या शास्त्राभ्यासासाठीं देऊन टाकिला. ४ डिसेंबर १८९३ रोजीं, पत्नीच्या हातून चुकून दुसरेंच औषध अधिक प्रमाणांत दिलें गेल्यामुळें, त्यांचा करुण अंत झाला.

१९६० सालीं लेसर-प्रकाश निर्माण झाला. आज खिशांत मावेल असा लेसरदिवा, भोंक पाडलेली बाटली व पाणी एवढ्यावर टिंडाल यांचा प्रयोग कोणत्याही शाळेंत होऊं शकतो. पेलाभर पाण्यांत दुधाचे चार थेंब टाकले, कीं किरणाचा मार्गही लख्ख दिसतो. मात्र हा प्रयोग गुरुजींच्या देखत करावा, आणि तो किरण कोणाच्याही डोळ्यांत जाऊं देऊं नये.

पालकहो, आपल्या पाल्यानें घरीं पाणी सांडलें तर रागावण्यापूर्वीं तो काय पाहत होता, हें एकवार विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांपैकीं जे पुढें शिक्षक होतील त्यांनीं खडूबरोबर एक बाटलीही वर्गांत न्यावी. एका गरीब शिपायाच्या मुलानें लाविलेला तो दिवा तुमच्या हातीं येऊन विझूं नये, एवढीच इच्छा.