करणी नव्हे, नात्यातली लग्ने

१ नोव्हेंबर १६६१ रोजी माद्रिदच्या राजवाड्यात स्पेनचा युवराज फेलिपे प्रॉस्पेरो वारला. त्याला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पाचच दिवसांनी राणी मारियानाला आणखी एक मुलगा झाला. त्याचे नाव कार्लोस. हाब्सबर्ग घराण्याच्या स्पेनमधील गादीला वारस मिळाला. पण हे मूल जन्मापासूनच अशक्त होते. बोलायला आणि चालायला ते फार उशिरा लागले. जबडा इतका पुढे आलेला की दातांवर दात बसत नसत आणि घास नीट चावता येत नसे.

१६६५ मध्ये वडील चौथा फिलिप यांचे निधन झाले आणि चार वर्षांच्या आतच कार्लोस राजा झाला. कारभार आई पाहू लागली. पुढे मोठेपणीही पोटाच्या तक्रारी, ताप आणि झटके यांनी त्याची पाठ सोडली नाही.

या दुखण्यांचे मूळ त्याच्या वंशवेलीत असावे. फिलिप आणि मारियाना हे सख्खे मामा-भाची होते. मारियानाचे लग्न आधी फिलिपच्या मुलाशी ठरले होते. तो मुलगा वारल्यावर खुद्द फिलिपनेच भाचीशी लग्न केले. त्यामुळे कार्लोसची आई ही त्याची सख्खी आतेबहीणही होती आणि आत्या हीच आईची आई, म्हणजे आजी. राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून स्पेन आणि ऑस्ट्रियातील हाब्सबर्ग शाखा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्याच मुली करत आल्या होत्या.

१६७९ मध्ये कार्लोसचे लग्न फ्रान्सच्या मारी लुईझशी झाले. मूल होत नाही म्हणून लोकांनी बोल लावला तो राणीलाच. १६८९ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, ती वारली. दुसरी राणी आली, तरी पाळणा हलला नाही. मग राजावर कुणीतरी करणी केल्याची कुजबुज वाढली. कार्लोसलाही ते पटले आणि भूतबाधा उतरवण्याचे धार्मिक विधी झाले. इतिहासात तो ‘करणी झालेला राजा’ म्हणूनच ओळखला जातो.

१ नोव्हेंबर १७०० रोजी, ३९ वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, तो निपुत्रिक वारला. मृत्युपत्रात त्याने गादी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाला दिली. त्यावरून युरोपात पेटलेले वारसायुद्ध १७१४ पर्यंत चालले. जे राज्य घरात राखण्यासाठी ही लग्ने झाली, ते घराण्याच्या हातून गेले.

२००९ मध्ये सांतियागो दे कॉम्पोस्तेला विद्यापीठातील संशोधकांनी या घराण्याच्या १६ पिढ्या आणि तीन हजारांहून अधिक नातेवाइकांची वंशावळ तपासली. आई आणि वडील या दोघांकडून आलेली जनुकाची प्रत एकाच पूर्वजाची असण्याची शक्यता चुलत, मामे किंवा आते भावंडांच्या अपत्यात साधारण ६ टक्के असते. मामा-भाचीच्या अपत्यात साडेबारा टक्के. कार्लोसमध्ये ती २५ टक्क्यांच्या वर निघाली, म्हणजे सख्ख्या बहीण-भावाच्या अपत्याइतकी. अनेक सदोष जनुके एक निरोगी प्रत सोबत असेपर्यंत गप्प राहतात. दोन्ही प्रती सदोष आल्या की आजार होतो. पीयूषिका ग्रंथीतील संप्रेरकांची कमतरता आणि मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक विकार असे दोन आजार त्याला असावेत, असा या संशोधकांचा अंदाज आहे. १५२७ ते १६६१ या काळात राजघराण्यात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी १० पहिल्या वर्षातच, तर एकूण १७ दहा वर्षांच्या आत दगावली होती.

मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातही आहे आणि दक्षिणेत काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही होते. अशा प्रत्येक जोडप्याचे मूल आजारीच निघते असे नाही; बहुतेक मुले निरोगी असतात. पण धोका वाढतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच घडले तर तो साचत जातो. नात्यात लग्न ठरले असेल किंवा झाले असेल, तर मूल होऊ देण्याआधी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा आणि घरातील आजारांची, लहानपणीच दगावलेल्या मुलांची माहिती त्याला मोकळेपणाने सांगावी. कार्लोसच्या काळी ही सोय नव्हती. म्हणून दोष करणीला आणि राणीला लागला.