चोराची घंटा, टेलिफोनची तार आणि एडविन होम्स

दाराला सेन्सर, मोबाईलवर नोटिफिकेशन. आता यात कोणाला फारसं नवल वाटत नाही. पण सेन्सर आणि तुमचा फोन यांच्यामध्ये भिंतीवर एक पेटी असते, तिच्यात अलार्म पॅनल असतं आणि त्यातून निघालेल्या तारा घरभर फिरतात. हा सगळा तारांचा संसार धंदा म्हणून ज्याने पहिल्यांदा उभा केला, तो इंजिनिअर नव्हता, दुकानदार होता. एडविन होम्स. जन्म १८२० चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला.

मूळ शोध त्याचा नाही, हे आधीच सांगतो. बोस्टनजवळच्या सोमरव्हिल गावात ऑगस्टस पोप नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट पूर्ण व्हायचं, इलेक्ट्रोमॅग्नेट थरथरायचा आणि त्याला जोडलेली छोटी हातोडी घंटेवर आपटायची. यातली हुशारी पुढे आहे: चोराने घाबरून दार परत लावलं तरी घंटा थांबत नसे. आजच्या पॅनलमध्ये आम्ही याला लॅच म्हणतो. कोडमध्ये एक-दोन ओळींचं काम आहे, पण पोपने ते नुसत्या तारा आणि स्प्रिंगवर करून दाखवलं होतं.

होम्सने १८५७ मध्ये पोपकडून हक्क विकत घेतले, आणि मग त्याला कळलं की घंटा ही सोपी गोष्ट आहे, खरी डोकेदुखी तारेची आहे. आवरण घातलेली तार त्या काळी सहज मिळतच नव्हती. तेव्हा बायकांच्या घेरदार झग्यांत आकार टिकवायला तारेचे गोल लावत, आणि त्या तारेवर सूत गुंडाळणारे कारागीर होते. होम्स सरळ तिकडे गेला. फॅशनच्या धंद्यातली यंत्रं वापरून त्याने विजेची तार बनवून घेतली. मला त्याच्या चरित्रातला हा भाग सगळ्यात आवडतो.

१८५९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. हिशेब साधा होता, जिथे श्रीमंती जास्त तिथे चोर जास्त. पण खाली खिडकी उघडली की वरच्या खोलीत घंटा वाजते, यावर लोकांचा विश्वास बसेना. घरोघरी फिरून पटवावं लागलं.

शिवाय घंटा घरातच वाजत होती. मालक घरात नसेल तर? १८७२ मध्ये होम्सने बोस्टनमध्ये मध्यवर्ती केंद्र सुरू केलं. बँका आणि दुकानांतून तारा थेट तिथे यायच्या, रात्रभर माणूस बसलेला असायचा. आज आपण क्लाउड म्हणतो ना, त्याचं काम इथे एक जागा माणूस करत होता.

आता थोडं आजच्या पेटीबद्दल, कारण होम्सची पुढची चाल त्याशिवाय कळणार नाही. मी अलार्मचं सॉफ्टवेअर लिहितो. एका साइटवर रोज संध्याकाळी खोटा अलार्म यायचा. आम्ही लॉग चाळत बसलो, कोडमध्ये काहीच सापडेना. शेवटी इलेक्ट्रिकल पॅनलची पेटी उघडली. जागा वाचवायला पॅनल बांधणाऱ्याने अलार्मचा बोर्ड त्याच पेटीत बसवला होता, आणि सेन्सरच्या बारीक तारा काँटॅक्टरच्या २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच डक्टमधून नेल्या होत्या. संध्याकाळी मोटर चालू झाली की शेजारच्या तारेत झटका उमटायचा आणि बोर्डाला वाटायचं दार उघडलं.

एकाच पेटीत दोन्ही बसवता येतात, पण मध्ये पत्र्याचा पडदा हवा, डक्ट वेगळे हवेत, तारा बाहेर पडायचे ग्लँड वेगळे हवेत. दाराला टॅम्पर स्विच हवा, म्हणजे कोणी पेटीच उघडली तर तेही कळेल. पेटी लोखंडी असेल तर सिमकार्डवाल्या मॉड्यूलचा अँटेना बाहेर काढायचा, नाहीतर अलार्म आतल्या आत ओरडत बसतो. आणि लूपच्या शेवटचा रेझिस्टर सेन्सरपाशीच लावायचा. अनेक जण सोय म्हणून तो पेटीतल्या टर्मिनलवरच लावून मोकळे होतात. मग चोराने वाटेत दोन तारा एकत्र जोडल्या तरी पॅनलला सगळं ठीकच दिसतं.

एका जागेत दोन कामं आणि एकाचा त्रास दुसऱ्याला नाही, हेच होम्सने फार मोठ्या प्रमाणावर केलं. त्याची यंत्रं बोस्टनच्या कोर्ट स्ट्रीटवर चार्ल्स विल्यम्सच्या कारखान्यात बनत, आणि त्याच कारखान्यात अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि वॉटसन यांचे टेलिफोनचे प्रयोग चालू होते. होम्सच्या लक्षात आलं की आपल्या तारा दिवसभर रिकाम्या असतात. मे १८७७ मध्ये त्याने पाच-सहा बँकांच्या अलार्मच्या तारांवर टेलिफोन जोडले. दिवसा बोलणं, रात्री राखण. केंद्रात बसलेला माणूस एका बँकेची तार दुसरीला जोडून द्यायचा. न्यू हेवनचं प्रसिद्ध एक्स्चेंज सुरू व्हायला अजून काही महिने होते. दोन्ही कामांची वेळ वेगळी ठेवली, म्हणून एकाच तारेवर भागलं. पेटीत आपण पत्र्याचा पडदा घालतो, त्याने घड्याळाचा घातला.

पुढे न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन कंपनीच्या उभारणीतही तो पुढे होता. नंतर त्याने टेलिफोनमधला आपला वाटा विकला. अनेकांना वाटेल, अरेरे, टेलिफोन सोडला! पण विकताना त्याने एक गोष्ट हातात ठेवली: टेलिफोनच्या तारा अलार्मसाठी वापरायचा हक्क. म्हणजे शहरभर खांब रोवायचा खर्च दुसऱ्याचा आणि त्यावरून याची घंटा. माझ्या मते टेलिफोन जोडण्यापेक्षाही हा सौदा जास्त धूर्त होता. आपली ॲप्स तरी काय करतात, दुसऱ्याच्या नेटवर्कवरच तर चालतात.

होम्स १९०१ मध्ये गेला. धंदा मुलाने सांभाळला, आणि १९०५ मध्ये तो एटी अँड टी या टेलिफोन कंपनीनेच विकत घेतला.