शेतकऱ्यांचे मुख्य प्रधान अलेक्झांडर स्तांबोलिस्की

आमचे बहुतेक वाचक खेड्यांत राहणारे व नांगरावर पोट भरणारे आहेत. यास्तव शेतकऱ्याच्या घरीं जन्मून राज्याचा कारभार चालविणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र त्यांच्यापुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

युरोपच्या आग्नेय भागांत बाल्कन नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील बल्गेरिया देशांत १९४६ सालापर्यंत राजे राज्य करीत होते. त्या देशांतील स्लावोवित्सा या खेड्यांत १८७९ सालीं अलेक्झांडर स्तांबोलिस्की यांचा जन्म झाला. त्यांनीं शेतकीच्या शाळेंत द्राक्षांच्या लागवडीचें शिक्षण घेतलें. पुढील अभ्यासासाठीं ते जर्मनीस गेले, परंतु क्षयरोगानें गांठल्यामुळें त्यांस परत यावें लागलें. त्या वेळीं देशांतील दर पांच माणसांत सुमारें चार शेतीवर जगत, पण दरबारांत त्यांची दाद लागत नसे. म्हणून १८९९ सालीं शेतकऱ्यांचा संघ निघाला होता. स्तांबोलिस्की त्याच्या वर्तमानपत्राचे संपादक झाले व १९०८ सालीं कायदेमंडळांत निवडून आले.

१९१५ सालीं राजा फर्डिनंड यानें जर्मनीच्या बाजूनें महायुद्धांत पडण्याचा बेत केला. दोनच वर्षांपूर्वीं झालेल्या युद्धांत देश हरला होता. इतर पुढाऱ्यांबरोबर स्तांबोलिस्की राजवाड्यांत गेले व प्रजेस हें युद्ध नको आहे, यांत राजाच्याच शिरावर संकट येईल, असें त्यांनीं त्यास तोंडावर सांगितलें. याबद्दल त्यांस जन्मठेपेची शिक्षा झाली. तीन वर्षांनीं, १९१८ च्या सप्टेंबरांत, सैन्याचा मोड झाला, शिपायांनीं बंड केलें आणि राजानें स्तांबोलिस्की यांस तुरुंगांतून सोडलें. लौकरच फर्डिनंडास गादी सोडावी लागली व त्याचा पुत्र बोरिस राजा झाला.

१९१९ सालीं स्तांबोलिस्की मुख्य प्रधान झाले. ज्या युद्धास त्यांनीं विरोध केला, त्याच युद्धाच्या दंडाच्या कागदावर त्यांस सही करावी लागली. मुलूख गेला आणि सव्वादोन अब्ज सुवर्ण फ्रँक भरपाई देशाच्या माथीं बसली. तरी ते खचले नाहींत. कोणाजवळ तीस हेक्टरांहून, म्हणजे सुमारें पंचाहत्तर एकरांहून, अधिक जमीन असूं नये व जास्त असेल ती गरजूंस द्यावी, असा त्यांनीं कायदा केला. खेड्यापाड्यांत शाळा वाढविल्या. प्रत्येक तरुणास रस्ते बांधणें इत्यादि लोकोपयोगी कामें करावयास लाविलीं. शेजारच्या सर्ब लोकांशीं जुनें वैर होतें. तें मिटावें म्हणून १९२३ च्या मार्चांत त्यांनीं निश शहरीं करार केला.

येथपर्यंत सर्व गोड आहे. परंतु चरित्र लिहिणारानें दोष झांकूं नये. ज्यांनीं स्वतः शब्दासाठीं तुरुंग भोगला, त्यांस अधिकारावर बसल्यावर दुसऱ्याचा शब्द सोसवेना. त्यांच्या पक्षाचे शेतकरी सोटे घेऊन शहरांत येत व विरुद्ध पक्षाच्या सभा मोडीत. जुन्या प्रधानांस तुरुंगांत घातलें. निवडणुकीचे नियम आपणांस सोईचे करून घेतले, आणि १९२३ च्या एप्रिलांत २४५ पैकीं २१२ जागा मिळविल्या. शहरवासी वकील, व्यापारी व लष्करी अधिकारी शत्रु झाले.

दोन महिने लोटतात न लोटतात तोंच, ९ जूनच्या पहांटे, लष्करी अधिकाऱ्यांनीं राजधानी सोफिया हस्तगत केली. तेथें त्यांच्या बाजूनें उभा राहणारा कोणी उरला नव्हता. स्तांबोलिस्की आपल्या गांवीं होते. आसपासच्या शेतकऱ्यांनीं लढण्याचा यत्न केला, पण व्यर्थ. १४ जून रोजीं त्यांचे हाल करून त्यांस ठार मारण्यांत आलें. ज्या हातानें निश येथील करारावर सही केली, तो हातही मारेकऱ्यांनीं तोडिला. त्यांचें वय अवघें ४४ वर्षांचें होतें.

त्या क्रूर कृत्याचें समर्थन कोणासही करतां यावयाचें नाहीं. तथापि राजास खरें सांगण्यास जसें धैर्य लागतें, तसेंच आपण खुर्चीवर असतां दुसऱ्याचें खरें ऐकण्यासही लागतें, असें आम्हांस या चरित्रावरून दिसतें. पहिलें धैर्य स्तांबोलिस्की यांच्या अंगीं पुरतें होतें, दुसरें नव्हतें. गांवच्या पंचांपासून राज्याच्या प्रधानापर्यंत सर्वांस हीं दोन्हीं लागतात.