लेडी शार्लट श्रायबर

इंग्लंडमधील एका उमराव घराण्यात १८१२ साली शार्लट यांचा जन्म झाला. १८३३ मध्ये वेल्स प्रांतातील एका मोठ्या लोखंडाच्या कारखान्याच्या मालकाशी त्यांचा विवाह झाला. तेथे त्या वेल्श भाषा शिकल्या व तीतील प्राचीन कथा त्यांनी इंग्रजीत आणल्या. १८५२ साली पती निवर्तल्यावर दहा मुलांच्या या मातेने कारखान्याचा कारभारही पाहिला.

१८५५ मध्ये चार्ल्स श्रायबर या विद्वान गृहस्थाशी त्यांनी पुनर्विवाह केला. पुढे उभयतांना जुन्या चिनी मातीच्या पात्रांचा छंद जडला. युरोपातील देश पालथे घालून, जुन्या वस्तूंच्या दुकानांत शिरून ती दोघे इंग्लंडातील चेल्सी, बो, वूस्टर येथे अठराव्या शतकात घडविलेल्या बशा व पेले शोधीत. हाताने रंगविलेले फूल, झिलईची छटा, चेल्सीच्या पात्रावरील जहाजाच्या नांगराची चिमुकली खूण, यांवरून त्या अस्सल वस्तू पारखीत.

१८८४ साली चार्ल्स यांना मृत्यूने गाठले. दोघांनी मिळून वेचलेली एकेक वस्तू दूर करणे म्हणजे काळजाचा तुकडा तोडणेच होते. तरीही पतीच्या स्मरणार्थ सुमारे १,८०० इंग्रजी वस्तूंचा संग्रह त्यांनी लंडनमधील सार्वजनिक संग्रहालयास अर्पण केला. हेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. त्या संग्रहाची सविस्तर सूचीही त्यांनी सिद्ध केली.

१८९५ साली शार्लट यांनी देह ठेवला. ज्या नेत्रांनी ते सौंदर्य शोधून काढले, त्यांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली होती. परंतु ते सौंदर्य असंख्य नेत्रांना आजही सुखवीत आहे.