उद्घाटन सोहळ्यातली मशाल आणि खाशाबा जाधव: हेलसिंकीच्या तिकिटाचे पैसे कोणी दिले?

ऑलिम्पिक किंवा आशियाई स्पर्धांचे उद्घाटन आता जिवतीतही मोबाइलवर पाहता येते. अट एकच, पहाडावर रेंज हवी. तिरंगा घेऊन चालणारे खेळाडू, मशाल, आतषबाजी हे सगळे दिसते. त्या संचलनापर्यंत पोहोचायचा खर्च कोणी केला, हे मात्र दिसत नाही. खाशाबा जाधवांच्या आयुष्यात खरी लढत तिथेच होती.

कोण होते खाशाबा?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील पैलवान, त्यामुळे घरातच तालीम. कराडच्या टिळक हायस्कूलनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. वेम्बलीवरच्या त्या उद्घाटनात भारताचा संघ स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदाच चालला. ध्वज फुटबॉल कर्णधार तालिमेरेन आओ यांच्या हाती होता.

लंडनमध्ये खाशाबा ५२ किलो गटात सहावे आले. हे यश कमी नव्हते, कारण त्यांची सगळी कुस्ती मातीतली आणि तिथे होती गादी. मातीत पाय रुततो, गादीवर तोच पाय वेगळा बसतो आणि डाव टाकण्याचा वेगही बदलतो. शिवाय गुणांचे नियमही निराळे.

हेलसिंकीचा खर्च कसा उभा राहिला?

१९५२ साठी त्यांनी ५७ किलो गट निवडला. निवडीवरून वाद झाला. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितल्यावर पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती खाशाबांनी जिंकली. मग पैशांचा प्रश्न आला. सरकारदरबारी केलेल्या विनवण्यांना फारसे यश आले नाही. घरच्यांनी गावात फिरून वर्गणी गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! या कथेत पदकाइतकेच मोल या माणसाचेही आहे.

१९ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत पाऊस होता. भिजलेल्या स्टेडियममध्ये पाव्हो नुर्मी मशाल घेऊन धावत आले आणि फिनलंडच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला. भारताचा ध्वज हॉकीपटू बलबीर सिंग यांच्याकडे होता. दुसऱ्याच दिवशी फ्रीस्टाइल कुस्त्या सुरू झाल्या. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली लढत झाली, तीत ते हरले. लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हसमोर उतरावे लागले. नियमाने दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती, पण ती मागायला भारताचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तीही लढत हरले. इशी सुवर्ण घेऊन गेला, खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढचे यायला १९९६ साल उजाडले, लिअँडर पेसचे.

कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्तीचे फड भरवून, स्वतः लढून, प्राचार्यांचे पैसे फेडले.

मशाल हाती कधी आली?

१९५५ मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक झाले. बढतीसाठी अनेक वर्षे थांबावे लागले. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशाल दौडीत त्यांना स्थान मिळाले, पदकानंतर ३० वर्षांनी. दोन वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार २००० मध्ये, मरणोत्तर मिळाला.

जिवतीशी याचा काय संबंध?

२०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती, देवाडा आणि बोर्डा येथील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांची तुकडी ‘मिशन शौर्य’खाली एव्हरेस्टवर गेली. पाच जण शिखरावर पोहोचले. प्रशिक्षणापासून मोहिमेपर्यंतचा भार शासनाच्या आदिवासी विकास विभागाने उचलला, कोणाला घर गहाण ठेवावे लागले नाही.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील ज्या स्टेडियममध्ये २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या कुस्त्या झाल्या, त्यालाही त्यांचेच नाव आहे.