शास्त्रीजींचे युद्ध आणि त्याची मर्यादा

लालबहादूर शास्त्री यांच्या युद्धनीतीवर दोन टोकांची टीका झाली. त्यांनी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून युद्ध वाढवले, असे काहींनी म्हटले. तर जिंकलेला मुलूख त्यांनी ताश्कंदमध्ये परत दिला, असा इतरांचा आक्षेप होता. वस्तुतः दोन्ही निर्णयांमागील हेतू एकच होता.

२ ऑक्टोबर १९०४ रोजी मुघलसराय येथे जन्मलेल्या शास्त्रींचे पितृछत्र बालपणीच हरपले. काशी विद्यापीठातील शिक्षण आणि स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवास यांतून त्यांचे नेतृत्व घडले. अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर १९५६ मध्ये त्यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. जून १९६४ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा १९६२ च्या पराभवाची जखम ओलीच होती.

एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात पाकिस्तानशी चकमकी झडल्या. शास्त्रींनी युद्धविराम आणि लवाद मान्य करताच त्यांच्यावर कचखाऊपणाचा आरोप झाला. पण शत्रूने निवडलेल्या भूमीवर लढण्याचे त्यांनी टाळले, हे शहाणपणच होते.

ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये सशस्त्र घुसखोर पाठवले. त्यांना अपेक्षित असलेला उठाव झाला नाही. घुसखोरांना केवळ आपल्या हद्दीत गाठत राहिल्याने प्रश्न मिटणार नव्हता. त्यांच्या वाटाच बंद करणे आवश्यक होते. त्यातूनच २८ ऑगस्टला हाजीपीर खिंड हस्तगत झाली. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये शिरले आणि अखनूर धोक्यात आले. शास्त्री आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या निर्णयानुसार ६ सप्टेंबरला भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने निघाले. काश्मीरवरील दाब हलका करण्याचा हाच परिणामकारक मार्ग होता. त्याला युद्धखोरी म्हणणे अन्यायाचे ठरते.

२३ सप्टेंबरला युद्ध थांबले. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचे होते. हाजीपीर सोडण्याच्या निषेधार्थ महावीर त्यागी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हा आक्षेप पोकळ नव्हता. ती खिंड लष्करी दृष्टीने मोलाची होती. परंतु छांब आणि खेमकरण पाकिस्तानच्या ताब्यात होते आणि तेही याच करारामुळे परत आले. शिवाय, भारत भूविस्तारासाठी लढलाच नव्हता.

सीमारक्षणाची उणीवही शास्त्रींच्या सरकारने ओळखली होती. तोवर पाकिस्तानलगतच्या सीमेचा भार मुख्यतः राज्यांच्या सशस्त्र पोलिसांवर असे. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले. करारानंतर काही तासांतच, ११ जानेवारीला, शास्त्रींचे ताश्कंदमध्ये निधन झाले. आपल्या निर्णयांचे समर्थन करण्यास ते उरले नाहीत. बळ केव्हा वापरावे आणि कोठे थांबावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांनी एकाच निकषावर दिली होती. टीकाकारांनीही त्यांना त्याच निकषावर तोलावे.